कर्ण आणि चंदनक



आज आम्ही आपणांपुढें दोन जुन्या ग्रंथांतील दोन मित्र उभे करणार आहों. एक महाभारतांतील कर्ण. त्याचें नांव घरोघर ठाऊक आहे. दुसरा शूद्रकाच्या मृच्छकटिक नाटकांतील चंदनक. हें नाटक देवलांनीं मराठी रंगभूमीवर आणलें. चारुदत्त-वसंतसेना सर्वांच्या तोंडीं झालीं, पण चंदनकाची आठवण फारसा कोणी काढीत नाहीं.

कर्ण सूताच्या घरीं वाढला. अस्त्रपरीक्षेच्या आखाड्यांत त्यास कूळ विचारलें, तेव्हां त्याची मान खालीं गेली. दुर्योधनानें तेथल्या तेथें अंगदेशचें राज्य दिलें आणि बदल्यांत मैत्री मागितली. पुढें युद्धाच्या तोंडावर कृष्णानें जन्माची हकीकत सांगून सिंहासन पुढें केलें, तरी कर्ण ढळला नाहीं. राधेनें मला वाढविलें, अधिरथ हाच माझा बाप, आणि दुर्योधन माझ्या भरंवशावर उभा आहे, असें त्यानें सांगितलें. येथें त्यास नांवें ठेवणारा आम्हांस कुळाचा गर्विष्ठच वाटतो.

परंतु त्याआधींची द्यूतसभा आठवा. द्रौपदीस फरफटत आणलें, तेव्हां दुर्योधनाचा भाऊ विकर्ण उठून म्हणाला, हा अन्याय आहे. त्यास गप्प बसविलें कोणीं? कर्णानें! वस्त्रें काढून घ्या म्हणणाराही तोच. भाऊ बोलला, मित्र बोलला नाहीं. मित्राच्या डोक्यावरील मुकुट दिलेला होता ना! अडचणींत ज्यानें बियाण्यास पैसे दिले, तोच उद्यां शेजाऱ्याचा बांध कोरतो आणि खोट्या पंचनाम्यावर आमची सही मागावयास येतो. तेव्हां कर्णाची गोष्ट पुराणांतली राहत नाहीं.

आतां चंदनक. हा उज्जयिनीच्या पालक राजाचा विश्वासू अंमलदार. गवळ्याचा पोर आर्यक राजा होणार, एवढ्या भाकितावरून राजानें त्यास बेड्या घातल्या. मित्र शर्विलकानें नव्या बायकोस मागें ठेवून त्यास सोडविलें. आर्यक चारुदत्ताच्या झांकलेल्या गाडींत लपला, आणि ती नेमकी चंदनक व वीरक यांच्या पहाऱ्यावर अडली. चंदनकानें आंत डोकावलें. आर्यकानें अभय मागितलें. चंदनक मनाशीं कारणें मोजतो: हा निरपराध आहे, शरण आला आहे, चारुदत्ताच्या गाडींत बसला आहे, आणि माझा जीव वांचविणाऱ्या शर्विलकाचा मित्र आहे. दुसऱ्या बाजूस राजाज्ञा. क्रम पाहा! निरपराधपण पहिलें, उपकार शेवटीं. कर्णापाशीं उपकाराखेरीज दुसरें कारण उरलेंच नव्हतें.

बाहेर येतां चंदनकाची जीभ चुकली. ‘आर्य’ म्हणून मग ‘आर्या’ म्हणाला. वीरकास संशय आला, तेव्हां आम्ही दक्षिणेकडचे लोक, आमचें बोलणें असेंच अस्पष्ट, अशी थाप त्यानें मारली. (आमच्या बोलीस हंसणाऱ्यांनीं हें वाचावें.) मग भांडण जुंपलें. एक न्हाव्याच्या कुळांतला, दुसरा चांभाराच्या. दोघेही एकमेकांची जात काढतात. चाकरी एकाच राजाची, पण पहिला हात जातीवर! तें वाचतांना आम्हांस हंसूं येत नाहीं.

चंदनकानें वीरकास लाथ घातली, आर्यकाच्या हातीं तरवार दिली आणि गाडी पुढें जाऊं दिली. एवढेंच मागितलें कीं, राजा झालास तर आमची आठवण ठेव. मग चाकरीवर पाणी सोडून मुलें व भाऊ यांसह तोही आर्यकाच्या मागें निघाला.