गावात राहिलेला डॉक्टर

(मंडळाच्या विद्यार्थी-गौरव समारंभात केलेले भाषण)



आज ज्यांचा आपण गौरव करीत आहोत त्यांपैकी कित्येकांना डॉक्टर व्हावयाचे आहे, असे चिटणीसांनी आत्ताच सांगितले. ऐकून आनंद झाला. परंतु मघाशी पालकांशी बोलताना प्रत्येकाच्या तोंडून पुण्या-मुंबईचेच नाव ऐकले. लहान गावात दवाखाना थाटणे म्हणजे विद्या फुकट घालविणे, असा आपला समज होऊन बसला आहे. तो कितपत खरा आहे, हे एका डॉक्टरांच्या चरित्रावरून पाहावे, एवढाच माझ्या भाषणाचा हेतू आहे.

डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचा जन्म १९५१ साली आजच्या जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात, गरीब शेतकरी कुटुंबात झाला. अंगमेहनत करीत त्यांनी शिक्षण घेतले, नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी मिळविली आणि १९७६ साली महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते रुजू झाले.

कोकणात लाल विंचू विपुल. भाताच्या पेंढ्यात, सरपणाच्या ढिगात, कौलांच्या फटीत तो दडलेला असतो. त्याचा दंश झालेली धडधाकट मुले काही तासांत दगावत. प्रथम ओकारी होई, अंगाला दरदरून घाम सुटे, हातपाय गार पडत. पुढे धाप लागे, तोंडाला फेस येई आणि सारे संपे. लोक मांत्रिकाकडे धावत. डॉक्टरांपाशी तरी खात्रीचा उपाय कोठे होता? ग्रंथांत या रोगाची नीट माहितीच नव्हती.

अशा वेळी नशिबाला बोल लावून दुसरा रोगी पाहणे सोपे होते. बावस्करांनी तसे केले नाही. ते रोग्याच्या उशाशी बसले. नाडी, रक्तदाब, श्वास यांत केव्हा कोणता फरक पडतो, याची त्यांनी टिपणे ठेवली. ही निरीक्षणे १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केली. आडगावच्या आरोग्य केंद्रातील टिपणे जगभरच्या तज्ज्ञांनी वाचली, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी मनावर कोरून ठेवावी.

मध्यंतरी पुण्यास एम. डी. होऊन ते पुन्हा महाडच्याच परिसरात परतले. विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर असह्य भार पडतो आणि फुप्फुसांत पाणी साठते, हे आता उमगले होते. तेव्हा आकसलेल्या वाहिन्या सैल करणारे औषध द्यावयास हवे. प्रथम त्यांनी शिरेतून देण्याचे औषध वापरले. गुण आला, पण त्यासाठी रोग्याच्या रक्तदाबावर सतत नजर ठेवावी लागे. खेड्यात ते कोठून जमणार? म्हणून त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध निवडले. ही साधी, स्वस्त, तोंडाने घ्यावयाची गोळी कोणत्याही आरोग्य केंद्रात देता येते. तिचे परिणाम १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. तीव्र विषबाधा झालेल्यांपैकी पूर्वी शेकडा ३० च्या आसपास रोगी दगावत. या उपचारानंतर ते प्रमाण शेकडा १ च्या घरात आले.

याहून मला मोठी वाटणारी गोष्ट पुढची आहे. २०११ साली त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी ७० रोग्यांवर केलेला अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की, नुसत्या प्राझोसिनपेक्षा त्याच्या जोडीला विंचवाचे प्रतिविष दिल्यास रोगी लवकर बरा होतो. ज्या औषधाने कीर्ती मिळाली, तेवढेच पुरेसे नाही, हे त्यांनी स्वतःच सिद्ध करून दाखविले! मी आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या. स्वतःची वही इतक्या कठोरपणे तपासणारा माणूस विरळा, हे मी अनुभवाने सांगतो. २०२२ साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ दिली. तेव्हाही ते महाडचेच डॉक्टर होते.

कोणी विचारील, हे गृहस्थ आपल्या ज्ञातीचे काय? मी चौकशी केलेली नाही, आणि आपणही करू नये. विंचू नांगी मारताना ज्ञाती पाहत नाही. आदर्श घेताना आपण तरी का पाहावी?

पालकांनो, लहान गावी राहणे सुखाचे आहे, असे मी म्हणत नाही. तेथे अर्ध्या रात्री दार ठोठावले जाते आणि सल्ला घेण्यास शेजारी दुसरा तज्ज्ञ नसतो. परंतु हा शोध मोठ्या शहरात लागणे कठीणच होते. कारण तेथवर पोहोचण्यापूर्वीच रोगी वाटेत संपत असे. जेथे दुःख आहे, तेथेच त्याचे उत्तर सापडले.

हे मंडळ होतकरू मुलांना शिष्यवृत्ती देते. त्यातील पैसा खेड्यापाड्यांतील बांधवांनी पोटाला चिमटा घेऊन दिलेला असतो. त्या पैशावर डॉक्टर झालेल्या मुलाने निदान काही वर्षे खेड्यात काढावी, अशी अपेक्षा मंडळाने स्पष्टपणे बोलून दाखवावी, ही माझी नम्र सूचना आहे. सक्ती नको, पण मुलगा गावी राहतो म्हणाला, तर त्याच्या आईबापांनी तरी कपाळाला हात लावू नये. आणि वधूपित्यांनीही ‘मुलगा शहरात आहे ना?’ हा पहिला प्रश्न विचारू नये.