भेंडोळ्यांचा सांभाळ
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या कार्यकारिणीने आम्हांस आज 'तरुणांचे नवे व्यवसाय' या विषयावर चार शब्द सांगण्याची आज्ञा केली आहे. विषय विस्तीर्ण आणि वेळ थोडा. म्हणून त्यातील एकच कोपरा आम्ही निवडला आहे, आणि तो खरोखरीच दुकानाचा कोपरा आहे. पाट्या, फलक व फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात विनाइलची जी मोठमोठी भेंडोळी उभी-आडवी पडलेली असतात, ती ठेवावी कशी, एवढेच आज सांगावयाचे आहे. हे ऐकून कोणास हसू येईल. परंतु ज्याने कर्ज काढून असा माल भरला आहे, त्यास हसू यावयाचे नाही.

आपल्या ज्ञातीचा पिढीजात धंदा कापड रंगविण्याचा व छापण्याचा. या शहरातील रंगारगल्लीचे नाव आजही त्या जुन्या व्यवसायाची आठवण देते. ज्या नगरीत हिमरू आणि मशरू विणले गेले, आणि जिच्यापासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर पैठण आहे, तेथील माणसास माल कसा राखावा हे शिकविण्याची वास्तविक गरज नसावी. आपल्या घरांतील वृद्ध स्त्रिया पैठणी मलमलीत गुंडाळून ठेवीत, ती अधूनमधून उलगडून तिची घडी बदलीत, म्हणजे एकाच घडीवर जर तुटत नसे. कपड्याचे तागे ओल्या भिंतीस टेकवावयाचे नाहीत, हा दंडक लहान मुलासही ठाऊक असे. यात कसलेही गूढ नव्हते. होती ती वस्तूच्या स्वभावाची ओळख.

आता वस्तू बदलली आहे. हाताने पाटी रंगविणाऱ्या पेंटरची कुंचल्याची कला मागे पडली आणि त्या जागी छपाईयंत्र आले. २०२३ च्या फेब्रुवारीत आपल्या शहराच्या नामांतरास केंद्र सरकारची मान्यता मिळाली आणि असंख्य फलकांवरील नाव बदलावे लागले. त्याआधी २०२२ मध्ये राज्याच्या दुकाने व आस्थापना अधिनियमात दुरुस्ती होऊन लहान दुकानांनाही देवनागरी लिपीतील मराठी पाटी बंधनकारक झाली होती. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. ज्यांनी आयुष्यभर फळ्यावर मराठी अक्षरे गिरवून घेतली, त्या आमच्यासारख्यांना ही गोष्ट आनंदाची वाटली यात नवल नाही. आपल्या समाजातील काही तरुणही या धंद्यात उतरले. तेव्हा या नव्या कापडाचा स्वभाव त्यांनी जाणून घेतला पाहिजे.

विनाइल म्हणजे पीव्हीसी नावाचे प्लॅस्टिक. मुळात ते कडक व ठिसूळ. १९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमन या रसायनज्ञाने त्यात मऊपणा आणणारी द्रव्ये मिसळून ते लवचीक केले. पाट्यांसाठी जे चिकटणारे विनाइल येते, त्याचे तीन थर असतात: वरचा पातळ पडदा, त्याखाली डिंक आणि त्याखाली गुळगुळीत केलेला कागद. प्रत्येक थराचा शत्रू निराळा. पडद्याचा शत्रू ऊन, डिंकाचा शत्रू उष्णता व धूळ, आणि कागदाचा शत्रू ओल. आपल्या मराठवाड्यात चैत्र-वैशाखात पारा चाळीस अंशांपुढे जातो, आणि पाठोपाठ मृगाची दमट हवा येते. म्हणजे हे तिन्ही शत्रू वर्षाकाठी हजेरी लावून जातात.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची हकीकत सांगतो. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. माघात माल स्वस्त मिळतो म्हणून त्याने बँकेच्या कर्जातून बरीच भेंडोळी एकदम घेतली आणि पत्र्याच्या शेडमध्ये, फरशीवर, एकावर एक आडवी-तिडवी रचली. ज्येष्ठ उलटल्यावर ती उघडली, तेव्हा खालच्या भेंडोळ्यांना वरच्यांच्या भाराने चपटे दाब पडले होते. दर वेढ्यास तोच दाब, म्हणून छापलेल्या चित्रात हात-दीड हातावर तीच रेघ उमटू लागली. कडांतून डिंक पाझरून त्यावर धूळ बसली होती. पावसाळ्यात कागदाने ओल पिऊन कडा लाटांसारख्या झाल्या आणि त्या यंत्राच्या हेडला घासू लागल्या. लावलेल्या पाटीच्या कडा सुटल्या, तेव्हा गिऱ्हाइकाने पैसे रोखले. मुलाच्या हातात कसब होते, यंत्र चांगले होते, गिऱ्हाईकही होते. उणीव होती ती फक्त ठेवणीची. बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही, आणि तो चुकू नये म्हणून घरातील सोने गहाण पडले.

म्हणून काही गोष्टी क्रमाने सांगतो. अनेक कारखानदार सांगतात की हा माल वीस ते पंचवीस अंश उष्णमानात आणि सुमारे पन्नास टक्के आर्द्रतेत ठेवावा. प्रत्येकास वातानुकूलित खोली परवडणार नाही, हे आम्ही जाणतो. पण पत्र्याखालचा पोटमाळा टाळून तळमजल्यावरील आतली, उन्हाकडे तोंड नसलेली खोली निवडणे प्रत्येकाच्या हाती आहे. फरशीवर लाकडी फळ्या टाकाव्यात आणि भिंतीपासून वीतभर अंतर सोडावे. चिकट विनाइलचे भेंडोळे त्याच्या मूळ खोक्यात, दोन्ही तोंडांच्या टोप्या न काढता, उभे ठेवावे. उभे करणे शक्य नसेल, तर मधल्या नळीतून लोखंडी पाइप घालून दोन घोड्यांवर टांगावे, म्हणजे भार नळीवर येतो, पडद्यावर येत नाही. फ्लेक्सची लांब भेंडोळी आडवी ठेवणे भागच पडले, तर ती समांतर ठेवावीत. एकावर एक काटकोनात कधीही रचू नयेत.

दुसरी गोष्ट तारखेची. डिंकाला आयुष्य असते. न वापरलेला माल साधारणतः एक-दोन वर्षांत वापरून संपवावा असे कारखानदारच सांगतात. म्हणून खोक्यावर माल आल्याची तारीख ठळक अक्षरांत लिहावी, आणि जो आधी आला तो आधी काढावा. धान्याच्या कणगीचा जो नियम, तोच येथे. अर्धे वापरलेले भेंडोळे सैल सोडू नये. घट्ट गुंडाळून, टोक बांधून, पिशवीत घालून ठेवावे, आणि त्यावर शिल्लक मीटर लिहावेत. छपाईपूर्वी एक दिवस भेंडोळे यंत्राच्या खोलीत आणून ठेवावे, म्हणजे ते तेथील हवेस सरावते.

तिसरी गोष्ट माणसाची, आणि आम्हांस ती सर्वांत महत्त्वाची वाटते. त्रैराशिक आपण सर्वांनी केले आहे, म्हणून हिशेबच मांडतो. दर चौरस मीटरला २८० ग्रॅम वजनाचे, दहा फूट रुंद आणि पन्नास मीटर लांब फ्लेक्स घेतले, तर त्याचे वजन सुमारे त्रेचाळीस किलो भरते. हे ओझे दुकानातील एकटा पोरगा खांद्यावर घेऊन जिना चढतो आणि मालक गल्ल्यावर बसून पाहतो, हे दृश्य आपल्या समाजाच्या दुकानात दिसू नये. जड माल कमरेच्या उंचीवर ठेवावा, दोघांनी उचलावा आणि चाकांची गाडी घ्यावी. उभी भेंडोळी साखळीने भिंतीस बांधावीत. एक कलंडले तर लहान मुलाच्या अंगावर जाऊ शकते.

चौथी गोष्ट अग्नीची. पीव्हीसी जळते तेव्हा हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू सुटतो. ज्या खोलीत भेंडोळी, तेथे शाईचे व थिनरचे डबे नकोत, विजेच्या उघड्या तारा नकोत, आणि झोपण्याची जागा तर मुळीच नको. या बाबतीत आपल्याच जिल्ह्याशी निगडित उदाहरण आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून पुढे अनेक वर्षे अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती मोठ्या कापडांवर उतरविल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत भस्म झाल्या. नंतर जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून पुन्हा ते काम आरंभिले. त्यांतीलही बऱ्याच प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनच्याच एका आगीत गेल्या. कष्ट अजिंठ्याच्या लेण्यांत झाले आणि नाश ठेवणीच्या जागी झाला. करणाऱ्याचे कसब कितीही थोर असो, राखणाऱ्याची नजर ढळली की ते मातीमोल होते.

आता एक सूचना करून आटोपते घेतो. हा धंदा करणारी आपल्या ज्ञातीची जी दुकाने आहेत, त्यांनी प्रत्येकी तोकड्या जागेत माल कोंडण्याऐवजी तिघा-चौघांनी मिळून एक चांगली, थंड, कोरडी खोली भाड्याने घ्यावी, माल एकत्र मागवावा आणि हिशेबाची वही एक ठेवावी. आपल्या मंडळाने जुळवाजुळव करून द्यावी. १ जुलै २०२२ पासून शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिकच्या व पीव्हीसीच्या बॅनरांवर देशात बंदी आहे. तेव्हा असा माल स्वस्त मिळाला तरी कोणी भरू नये, हेही त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

तरुणांनो, भांडवल म्हणजे बँकेच्या पुस्तकातील आकडा नव्हे. ते तुमच्या दुकानाच्या कोपऱ्यात उभे आहे, आणि त्यात तुमच्या आईवडिलांचा विश्वास गुंडाळलेला आहे. रात्री दुकानाची फळी लावण्यापूर्वी दिवा घेऊन एकदा त्या कोपऱ्याकडे पाहत जा.