मुशीत टाकण्यापूर्वी

मोडीत आलेला दागिना मुशीत पडला की थोड्याच वेळात त्याची लगड होते. मग ती पाटली कोणाच्या आजीची होती, ती पोत कोणाच्या गळ्यातून ओढली होती, हे कोणालाच सांगता येत नाही. चोरीच्या सोन्याचा माग नेमका इथे तुटतो. म्हणून पेढीवर विचारला जाणारा एक साधा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, ‘हे कुठून आणलं?’

कायद्यालाही हा प्रश्न अपेक्षित आहे. चोरीचा माल घेणाऱ्यासाठी पूर्वी भारतीय दंड विधानात कलम ४११ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ आहे. माल चोरीचा असल्याचं ठाऊक असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, तो अप्रामाणिकपणे घेतला तर तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. चोरीच्या मालाचा नेहमीचाच व्यवहार करणाऱ्याला तर जन्मठेपही होऊ शकते.

श्रोतेहो, यातले ‘कारण असताना’ हे शब्द लक्षात घ्या. एखादा अनोळखी पोरगा तुटलेली पोत घेऊन येतो, भाव विचारत नाही, पावती नको म्हणतो, मिळेल ते घेऊन निघायची घाई करतो. अशा वेळी ‘मला काय ठाऊक?’ म्हणून हात झटकणं सोपं नाही.

गहाणाचंही तसंच. महाराष्ट्रात २०१४च्या सावकारी नियमन कायद्यानुसार सावकाराला परवाना लागतो, हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागतात. पण परवाना आहे म्हणून चोरीच्या दागिन्यावरचा मूळ मालकाचा हक्क बुडत नाही.

सराफांचीही बाजू आहे. पकडलेला चोर पेढीचं नाव सांगतो, पोलीस येतात, रोख मोजून घेतलेलं सोनं जप्त होतं आणि सचोटीचा माणूसही संशयात सापडतो. त्याला आधार त्याच्या वहीचाच. विकणाऱ्याचं नाव-पत्ता, ओळखपत्राची प्रत, दागिन्याचं वजन, वर्णन, छायाचित्र, सही हे सगळं तिच्यात असावं. पैसे शक्यतो बँकेतून द्यावेत. आणि दागिना आटवण्याआधी काही दिवस तसाच ठेवला, तर शोधणाऱ्याला तो सापडण्याची संधी राहते.

आपणही थोडं करावं. खरेदीची पावती जपावी, दागिन्याचं छायाचित्र काढून ठेवावं. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यांच्या विक्रीसाठी सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक सक्तीचा झाला आहे. तो टिपून ठेवावा. जप्त झालेले दागिने पोलीस ठाण्यात वर्षानुवर्षं पडू नयेत, पंचनामा करून, छायाचित्रं घेऊन, हमीवर ते हक्कदाराला द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सांगितलं. पण परत द्यायला दागिना ओळखू येण्याजोगा उरायला हवा ना!

मंगळसूत्र असो की आमच्या घरांतली काळी पोत, कष्टकरी बाईची तीच बँक असते. मुलीची फी, घरधन्याचं आजारपण, सगळं त्या दोन-चार ग्रॅमच्या भरवशावर असतं. चोराला तिचं घर ठाऊक नसतं, सराफालाही नसतं. पण सराफाला प्रश्न विचारता येतो. तो मूस तापण्याआधी विचारला, तरच त्या बाईच्या कामी येतो.