टेलपासून वर

सफाई कर्मचारी बंधू-भगिनींनो, पाणीपुरवठ्याचे व्हॉल्व्हमन, आशाताई आणि आरोग्यसेविका, ग्रामीण रुग्णालयातले व खासगी दवाखान्यांतले डॉक्टर, मुख्याधिकारी, नगरसेवक, नगराध्यक्ष आणि दिंडोरीकर हो,

सभेच्या रिवाजापेक्षा उलट्या क्रमाने तुमची नावं घेतली, ती मुद्दाम. साथ आली की याच क्रमाने माणसं तिच्यासमोर उभी राहतात. पहिल्या दिवशी गटारात उतरणारा, टाकीवर चढणारा, दारोदार जाणारा माणूस तिथे असतो. आमच्यासारखे अध्यक्ष फार नंतर पोचतात.

साथीच्या तयारीवरच्या या परिषदेसाठी दिंडोरी निवडली याचा मला आनंद झाला, आणि त्याचं कारण या तालुक्याच्या पाण्यात आहे. करंजवण, पालखेड, ओझरखेड, पुणेगाव, वाघाड अशी धरणं या एका तालुक्यात आहेत. इथलं पाणी निफाड-येवल्याच्या शेतांत आणि मनमाडच्या नळांत जातं. त्यातल्या वाघाडच्या कालव्यावर बापूसाहेब उपाध्ये, भरत कावळे आणि त्यांच्या समाज परिवर्तन केंद्राने 1990 च्या सुमारास काय केलं, ते तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. कालव्याच्या हेडला पाण्याची चंगळ आणि टेलच्या शेतकऱ्यापर्यंत थेंब नाही, अशी स्थिती होती. पहिल्या तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या त्या ओझरकडे, टेलच्या शेतकऱ्यांच्या. पाणी मोजून घ्यायचं, पाळी लावायची, हिशोब सगळ्यांसमोर ठेवायचा. मग हळूहळू वरच्या भागातही संस्था झाल्या आणि अख्ख्या प्रकल्पाचं सिंचन शेतकऱ्यांच्या हाती आलं.

मी पाटबंधाऱ्यातला माणूस नाही. माझी नोकरी सार्वजनिक आरोग्यात गेली. पण लहान गावाने साथीची तयारी कशी करावी, असं कुणी मला विचारलं तर मी वाघाडकडे बोट दाखवतो. तयारी टेलपासून करायची. जिथे सगळ्यात शेवटी पाणी पोचतं, ताई पोचते, निरोप पोचतो, तिथे बसून आराखडा लिहायचा. आज मला एवढंच सांगायचं आहे. बाकीचं बोलणं यासाठी की हे वाटतं तितकं सोपं का नाही, ते आपण नीट पाहावं.

राज्य सरकारने 2014 साली तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचं ठरवलं. दिंडोरी, पेठ, सुरगाणा, कळवण, देवळा, निफाड ही गावं कागदावर शहरं झाली. सतरा प्रभाग आले, मुख्याधिकारी आले, मालमत्ता कराचे नवे दर आले. ग्रामपंचायतीबरोबर ग्रामसभा गेली. गावाची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छता समितीही गेली. ग्रामपंचायतीच्या पाण्याची वर्षातून दोनदा तपासणी होऊन मिळणारं हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड गेलं. लाल कार्ड मिळालेल्या सरपंचाला गावात तोंड दाखवणं अवघड व्हायचं. त्या कार्डाची जागा नगरपंचायतीत कशाने घेतली, हे तुमच्यापैकी प्रत्येकाने आपापल्या कार्यालयात शोधून पाहावं.

आता गुंता पाहा. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान 2013 साली आलं ते साधारण पन्नास हजारांवरच्या शहरांसाठी. त्याहून लहान शहरांची आरोग्याची जबाबदारी ग्रामीण अभियानाकडेच राहिली. म्हणजे करासाठी आपण शहर आणि औषधासाठी खेडं. ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि आशाताई जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाशी जोडलेल्या. नळ, गटार, कचरा, स्मशानभूमी नगरपंचायतीकडे. आपत्ती जाहीर झाली की सूत्रं तहसीलदारांकडे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य हा विषय नगरपालिकांच्या यादीत आहे आणि 1965 च्या नगरपरिषद अधिनियमातही रोगप्रतिबंध हे कर्तव्य आहे. कर्तव्य आहे, पण बहुतेक नगरपंचायतींकडे त्यासाठी एक वैद्यकीय अधिकारीही नाही. यात मी कुणाला दोष देत नाही. चारही घरची माणसं भली असू शकतात, आणि तरीही मधल्या अंगणात पडलेल्या आजाऱ्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

याची किंमत आपण नुकतीच पाहिली. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडे गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण सापडू लागले. धडधाकट माणसाचे पाय एका रात्रीत लुळे पडायचे आणि काहींचा श्वासही थांबायचा. बघता बघता संख्या दोनशेच्या पुढे गेली. अनेक रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा दूषित पाण्यातून, नीट न शिजलेल्या मांसातून पोटात जाणारा जिवाणू सापडला. आता गावांची नावं ऐका. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला. जून 2021 मध्ये महापालिकेत आलेल्या तेवीस गावांतली ही गावं. शेजारी धरण आहे, शहराची मोठी जलशुद्धीकरण यंत्रणा आहे, आणि तरी या भागात विहिरीचं पाणी क्लोरिन घालून थेट नळाला जात होतं. पाटी बदलून साडेतीन वर्षं झाली होती, नळ जुन्याच विहिरीला जोडलेला होता. खरं तर या गावांना धरणाजवळची म्हणून हेडची समजायचं, पण यंत्रणेच्या दृष्टीने ती टेलला होती. दिंडोरीसारख्या गावाने हे उदाहरण भिंतीवर लावून ठेवावं.

माझ्या पहिल्या वर्षांतली एक गोष्ट सांगतो. दूरच्या एका लहान गावात गॅस्ट्रोची साथ होती. मुलं सलाइनवर होती. रुग्णांची घरं नकाशावर मांडली तर ती एका गल्लीत गोळा होत होती, म्हणजे त्या गल्लीत कुठेतरी पिण्याच्या लाइनमध्ये गटाराचं पाणी शिरत होतं. लाइन बंद करायला हवी होती. पण व्हॉल्व्ह कुठे आहे हे कार्यालयात कुणालाच माहीत नव्हतं. नकाशा नव्हता. शेवटी एकाने सांगितलं, निवृत्त झालेले एक फिटरकाका आहेत, ते मुलीकडे गेलेत. जीप पाठवून त्यांना आणलं. काका आले, रस्त्याच्या कडेला काठी टेकवली आणि म्हणाले, इथे खणा. हातभर खाली व्हॉल्व्ह निघाला. तोवर दीड दिवस गेला होता, आणि त्या दीड दिवसात एक लहान मूल आमच्या हातून गेलं. ते मूल मला अजून आठवतं. गावाचं सगळं शहाणपण एका म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात होतं आणि कुणीही ते कधी लिहून घेतलं नव्हतं.

म्हणून माझं मागणं एका वहीचं आहे. शंभर पानी साधी वही. तिच्यात मुख्य लाइन आणि व्हॉल्व्ह कुठे आहेत, हातपंप कुठले, खासगी बोअर कुणाचे. टीसीएल पावडर किती आहे, कधी आणली, कोरड्या जागेत आहे का. उन्हात आणि दमट हवेत पडून राहिलेल्या पावडरीतला क्लोरिन उडून जातो आणि मग आपण टाकीत नुसता चुना टाकत राहतो. नळाला उरलेला क्लोरिन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवा, तो टाकीजवळ मोजून उपयोग नाही. ओटी चाचणी करायची ती शेवटच्या नळावर. पाहा, पुन्हा टेलच आली.

वहीतली सगळ्यात अवघड पानं माणसांची. तालुक्याची लोकसंख्या तीन लाखांहून अधिक, असं 2011 ची जनगणना सांगते. पण जनगणनेचा माणूस आणि फेब्रुवारीतला माणूस एक नाही. जानेवारी ते एप्रिल हा इथे द्राक्षकाढणीचा काळ. पेठ, सुरगाणा, हरसूल भागातली आदिवासी कुटुंबं बागांवर येतात, शेडमध्ये किंवा पालात राहतात. पॅकहाउसमध्ये परप्रांतातली मुलं असतात. पहिल्या टाळेबंदीची घोषणा 24 मार्च 2020 ला झाली, ऐन काढणीत. त्या माणसांचं नाव ना इथल्या रेशनच्या यादीत, ना आशाताईच्या वहीत, ना नगरपंचायतीच्या करपत्रकात. गावाकडच्या यादीत नाव होतं, पण माणूस तिथे नव्हता. जो कुठल्याच यादीत नाही त्याला ताप आला, हे कळणार कुणाला? बागायतदाराने हंगामाच्या सुरुवातीला आपल्या मजुरांची संख्या, त्यातल्या गरोदर बायका आणि पाच वर्षांखालची मुलं एवढं कळवलं, तर निम्मं काम होतं. निर्यातीच्या द्राक्षासाठी आपण प्रत्येक प्लॉटची नोंदणी करतो, फवारणीची तारीख लिहितो, उर्वरित अंशाची चाचणी करतो. घडाची एवढी नोंद ठेवणाऱ्या तालुक्याला घड तोडणाऱ्या हातांची नोंद जड जाऊ नये.

दुसरी गर्दी वाटसरूंची. चैत्रोत्सवाला आणि नवरात्रात सप्तशृंगीच्या गडाकडे जाणारी पावलं नाशिकहून दिंडोरी, वणी, नांदुरी अशी जातात. स्वामी समर्थ केंद्रात राज्यभरातून सेवेकरी येतात. त्यात 2026-27 चा सिंहस्थ. नाशिक-त्र्यंबकेश्वरची तयारी मोठ्या कार्यालयांत होईल, पण भाविक येता-जाता पाणी पितील, जेवतील, झोपतील ते अशाच आजूबाजूच्या गावांत. त्या दिवसांत शौचालयाचं पाणी कुठे जातं, हे इथल्या स्वच्छता निरीक्षकालाच ठाऊक असणार.

याद्यांबद्दल बोलताना एक सावधगिरी सांगायलाच हवी. यादी धाक घालण्यासाठीही वापरली जाते. साथरोगांचा कायदा 1897 चा, प्लेगच्या वर्षातला. त्या वर्षी पुण्यात गोरे सोजीर घरात शिरून आजारी माणसं ओढून काढत होते. लोकांनी रोगी माळ्यावर लपवले, प्रेतं लपवली. रोग त्यामुळे वाढला. त्याच वर्षी, त्याच साथीत सावित्रीबाई फुले यशवंतरावांच्या दवाखान्यात रोगी आणत होत्या. मुंढव्याकडच्या वस्तीतला एक आजारी मुलगा त्यांनी पाठीवर घालून आणला, असं सांगतात. 10 मार्च 1897 ला प्लेगनेच त्या गेल्या. सोजीर आणि सावित्रीबाई, दोघंही रोगी शोधत होते. एकाला पाहून दारं बंद होत होती आणि दुसरीसाठी उघडत होती. करोनात कुणाच्या दारावर कागद चिकटवताना, कुणाला वस्तीबाहेर थांबवताना आपण यांतल्या कुणासारखे वागलो, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो. वहीतलं नाव चावडीवर वाचून दाखवायचं नसतं. ते त्या घरी दूध, धान्य आणि गोळ्या पोचाव्यात म्हणून असतं.

साधनांबद्दल थोडक्यात. नंदुरबार हा राज्यातला दुर्गम जिल्हा. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांनी पहिली लाट ओसरताना, सप्टेंबर 2020 मध्ये, प्राणवायूनिर्मितीचा पहिला प्रकल्प सुरू केला आणि पुढच्या काही महिन्यांत आणखी उभे केले. पुढच्या एप्रिलमध्ये देश सिलिंडरसाठी धावत होता, तेव्हा नंदुरबारकडे स्वतःचा प्राणवायू होता. साथ ओसरते तेव्हाच पैसा, वेळ आणि लोकांची आठवण तिन्ही हाताशी असतात. त्याच एप्रिलच्या 21 तारखेला, नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती झाली, दाब पडला आणि 22 रुग्ण त्या दिवशी गेले. प्राणवायू आवारात होता. मधल्या मिनिटांचं काय, हा प्रश्न उरला. तुमच्या ग्रामीण रुग्णालयात वीज गेल्यावर जनरेटर सुरू व्हायला किती मिनिटं लागतात, हे घड्याळ लावून एकदा पाहा. कागदावरचं उत्तर घेऊ नका.

आणि खबर. 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी प्लेगचा संशय आला, त्याआधी गावकऱ्यांनी पिसवांचा उपद्रव आणि उंदरांचं मरणं पाहिलं होतं. आदल्या वर्षीच्या भूकंपानंतर सोडलेल्या घरांत धान्य होतं, तिथे उंदीर माजले. खबर नेहमी टेलकडूनच निघते. ती वर पोचायला रस्ता हवा. औषधाच्या दुकानात अचानक जुलाबाच्या गोळ्यांचा खप वाढला, आश्रमशाळेत दहा मुलांना एकदम ताप आला, एका पाड्यावर काविळीचे तीन रुग्ण निघाले, तर दुकानदाराने, अधीक्षकांनी, ताईने कुणाला फोन करायचा? चार खात्यांत एकच नंबर ठरवा आणि तो उचलणारा माणूस रजेवर असताना कोण उचलणार, तेही ठरवा. खबर खोटी ठरली तरी फोन करणाऱ्याला कुणी रागावणार नाही, हे मुख्याधिकाऱ्यांनी आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी आज इथे सगळ्यांसमोर सांगावं, अशी माझी त्यांना विनंती आहे.

आशाताईंविषयी एक वाक्य बोलल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. साथीत आपण त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या आणि मोबदल्यासाठी त्यांना संपावर जावं लागलं. आराखड्यात त्यांच्या नावापुढे काम लिहिणार असाल, तर त्याच ओळीत पैसे, हातमोजे आणि रात्री घरी सोडणारी गाडीही लिहा.

दुपारच्या सत्राचा कार्यक्रम मी संयोजकांना विचारून बदलून घेतला आहे. भाषणं होणार नाहीत. इथे मंचावर एक कोरी वही ठेवली आहे. नगरपंचायतीचे व्हॉल्व्हमन आणि जुने फिटर पुढच्या रांगेत बसतील आणि टाकीपासून शेवटच्या नळापर्यंतची लाइन तोंडाने सांगतील. नगरसेवकांनी पेन घेऊन यावं, लिहून घेण्याचं काम त्यांचं आहे. आशाताईंनी चहाआधी आपापल्या भागातल्या बागांवरच्या शेडची नावं काढून ठेवावीत. चार वाजता आपण सगळे चालत शेवटच्या नळावर जाऊ. ओटीची बाटली मी बरोबर आणली आहे.