मधलं बोलणं कापू नका

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)



पत्रिकेवर विषय छापलाय 'मैफलीचा चित्रपट'. जगात असे चित्रपट कसकसे झाले याचा आढावा घ्या, असं मला सांगण्यात आलं. थोडा घेतो. पण मला मनापासून एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे वेळ संपली तरी राहायची नाही. जो माणूस स्वतः लिहितो, स्वतः चाल लावतो आणि स्वतःच्या गळ्यानं गातो, त्याचं गाणं कॅमेऱ्यात धरताना दोन गाण्यांच्या मधलं त्याचं बोलणं कापू नका. गाणं एक वेळ दुसरा कुणी गाईल. ते बोलणं दुसऱ्या कुणाला येणार नाही.

आता आढावा. नील यंग हा कॅनडात जन्मलेला कवी-गायक. 2005 साली त्याच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगवटा आल्याचं निघालं, उपचार झाले. त्याच वर्षी वडील गेले. ऑगस्टमध्ये तो नॅशविलच्या रायमन सभागृहात गायला उभा राहिला, वय साठीला टेकलेलं. जोनाथन डेमी या दिग्दर्शकानं ते चित्रित केलं आणि 2006 मध्ये 'हार्ट ऑफ गोल्ड' पडद्यावर आला. रायमन ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रार्थनेसाठी बांधलेली वास्तू. बसायला लाकडी बाकं, आवाज घुमवणारं लाकूड. यंग गिटार हातात घेऊन सांगतो की ही गिटार हँक विल्यम्सची होती. हँक विल्यम्स म्हणजे याच रंगमंचावर गाऊन गेलेला, तिशीच्या आत वारलेला गायक. म्हणजे गिटार पुन्हा आपल्या घरी आली. एवढं सांगून झाल्यावर तो गायला लागतो, आणि ते गाणं तुम्ही आधी ऐकलेलं असलं तरी वेगळं ऐकू येतं. डेमीनं ते बोलणं ठेवलं, याबद्दल मी त्याला मानतो. एका बाबतीत मात्र माझं त्याच्याशी पटत नाही. त्यानं श्रोते जवळपास दाखवलेच नाहीत. कॅमेरा सगळा वेळ मंचाकडे. तिथे ते शोभत असेल, आपल्याकडे चालणार नाही. का, ते पुढे सांगतो.

त्याआधी एक विनंती. दोन मिनिटं पंखे बंद करता येतील का?

(सभागृहात गलबला. 'सर, मे महिना आहे!' हशा.)

दोनच मिनिटं. ...झाले बंद. आता ऐका. बाहेरची रिक्षा ऐकू येते, मागच्या दारातली कुजबूज ऐकू येते, पुढे बसलेल्या मामांचा खोकला ऐकू येतो. साध्या वाद्यांवरचं गाणं या आवाजांच्या वर उभं राहत असतं. पेटी, ढोलकी, दिमडी, टाळ, तुणतुणं यांना वीज लागत नाही. पेटीच्या भात्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो. त्यात की-बोर्ड आला, ऑक्टोपॅड आला, आवाजावर एको चढवला, की शब्दांच्या कडा बुजतात. भीमगीतात शब्दच बुजले तर उरलं काय? हा तक्रारीचा सूर नाही. मोठ्या मैदानात हजारो माणसं असताना भोंगे लागणारच. नामांतर दिनी, 14 जानेवारीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या गेटवर जाऊन उभे राहा. एका मंचावरचं गाणं दुसऱ्या मंचावरच्या गाण्यात मिसळतं, खाली पुस्तकांचे स्टॉल, लेकरं खांद्यावर. तिथे तेच पाहिजे. पण चित्रपट करायचा असेल तर खोली लहान पाहिजे आणि पंखा बंद पाहिजे. लावा आता पंखे. (टाळ्या)

आपल्याकडे गायकांवर चित्रपट झालेच नाहीत असं कुणी म्हणू नये. गुलजारांनी भीमसेन जोशींवर केला. जब्बार पटेलांनी कुमार गंधर्वांवर 'हंस अकेला' केला. अमोल पालेकर आणि संध्या गोखले यांनी किशोरी आमोणकरांवर 'भिन्न षड्ज' केला. तिन्ही तुम्ही पाहिले असतील, नसतील तर पाहा. कुमारजी तर स्वतः बंदिशी रचणारे. त्यांच्या बंदिशींचं पुस्तक 'अनूपरागविलास' 1965 चं. मालव्याची लोकगीतं ऐकून ऐकून त्यांनी त्यातून राग काढले. 

(श्रोत्यांतून : 'मग अभिजात गाण्याला कमी का लेखता?')

कमी लेखत नाही. कुठे लेखलं? मी एवढंच विचारतो की कॅमेरा ज्या आदरानं तंबोऱ्यासमोर बसला, त्या आदरानं दिमडीसमोर का बसू नये? शाहिराचं गाणं आलं की आपण त्याचे दोन कडव्यांचे तुकडे करतो, वर मोर्च्याची दृश्यं लावतो आणि खालून निवेदक बोलतो. असं बंदिशीच्या बाबतीत केलं तर तुम्ही रागावाल. मग इथेही रागवा.

दुसरा कुणी म्हणेल, शाहिरांवर चित्रपट आला की! आला. केदार शिंद्यांचा 'महाराष्ट्र शाहीर', 2023 चा, शाहीर साबळ्यांच्या आयुष्यावर. अंकुश चौधरीनं काम केलं. पण तो चरित्रपट. तिथे नट शाहीर होतो. मी बोलतोय ते शाहीरच पडद्यावर बसलेला असण्याबद्दल.

आता भीमगीतं रचणारे लोककवी वामनदादा. ज्यांनी वामनदादा कर्डकांना समोर बसून ऐकलंय, त्यांनी हात वर करा. ...बघा. पांढऱ्या केसांचेच हात वर आले. 2004 च्या मे महिन्यात ते गेले, म्हणजे ज्यानं त्यांना कळत्या वयात ऐकलं तो आज चाळिशीच्या पुढे. सिन्नर तालुक्यातलं देशवंडी, 1922 चा जन्म, मुंबईतले कष्टाचे दिवस, कुणी वाचायला दिलेलं पत्र वाचता न येणं, मोठेपणी अक्षरं शिकणं, 1943 चं पहिलं गाणं, हे सगळं या सभागृहाला पाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही. आपल्या दहा सभा आणि जलसाकार भीमराव कर्डकांचा एक जलसा बरोबरीचा, असं बाबासाहेब म्हणाले, तेही पाठ आहे. मुद्दा असा की दादांची गाणी छापली गेली. 'वाटचाल' 1973 मध्ये आलं, 'मोहोळ' 1976 मध्ये. गाणी आजही गल्लोगल्ली गायली जातात. पण दादा एका खोलीत पेटीसमोर बसलेत, एक गाणं संपलंय, दुसरं सुरू व्हायचंय आणि मध्ये ते काहीतरी सांगतायत, असा दोन तासांचा चित्रपट मी आजवर पाहिलेला नाही.

आणि मधल्या बोलण्यात काय असतं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी एक अनुभव सांगतो. थोडक्यात सांगतो.

व्हीएचएस कॅमेऱ्यांचे दिवस. मिलिंद महाविद्यालयाच्या नागसेनवनातल्या होस्टेलवरच्या माझ्या एका मित्राचं गाव पैठण तालुक्यात, गोदाकाठचं. आंबेडकर जयंतीचा कार्यक्रम. आपल्याकडे खेड्यात जयंती 14 एप्रिलला संपत नाही, मे अखेरपर्यंत चालते, हे तुम्हाला ठाऊक आहे. गावात एक जुनी गायनपार्टी होती. तिच्या प्रमुखांना सगळे आबा म्हणत. गाणी स्वतःची, चाली स्वतःच्या. आम्ही वर्गणी काढली आणि लग्नाची शूटिंग करणारा एक जण ठरवून नेला. समाजमंदिरात कार्यक्रम. हॅलोजनचा दिवा लावला तसे किडे आले, आबांच्या पेटीवर किडे. ते फुंकर मारायचे आणि गायचे.

एक गाणं होतं बहात्तरच्या दुष्काळावर. ते गाण्याआधी आबा बोलायला लागले. दुष्काळी कामावर खडी फोडायला कुठे जात होते, मिलो ज्वारी कशी लागायची, वाटल्या जाणाऱ्या सुकडीच्या रांगेत कोण पुढे आणि कोण मागे. रांगेतही जात होती, हे त्यांनी असं साधं सांगितलं की पुढे बसलेली पोरं गप्प झाली. मग म्हणाले, या गाण्याचं दुसरं कडवं माझं नाही, आमच्या घरातनं आलंय. बायांच्या बाजूनं आवाज आला, "एकच नाही, ध्रुवपद बी माझंच हाय!" सगळं समाजमंदिर हसलं. आबाही हसले. म्हणाले, "हाय बाबा, हाय." मग बाई उठून उभ्या राहिल्या आणि खडीच्या ढिगाशी बसून ते ध्रुवपद कसं सुचलं, सोबत कोण होतं, मुकादमानं ऐकून काय केलं, सगळं सांगितलं. पाच-सात मिनिटं बोलल्या असतील. पदर डोक्यावर, हात हवेत. त्यानंतर आबांनी गाणं म्हटलं आणि ध्रुवपदाला सगळ्या बायांनी साथ धरली. ते आधी ठरलेलं नव्हतं.

महिन्याभरानं कॅसेट आली. सुरुवातीला गुलाबाची फ्रेम, तीत आबांचा चेहरा. मग गाणं, गाणं, गाणं. एकामागून एक. मधलं काही नाही. बाई नाहीत. आम्ही त्या माणसाला विचारलं, तर तो प्रामाणिकपणे म्हणाला, "तुम्हाला गाणीच पाहिजे होती ना? बोलायचं काढून टाकलं, स्वच्छ केलं." मूळ कॅसेट? तिच्यावर पुढच्या लग्नाची शूटिंग झालेली.

तुम्हाला माहीत आहे, आपल्या गीतांत शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येतं. वामनदादांच्या गाण्यात 'वामन' येतो, तसं. त्या दुष्काळाच्या गाण्याच्या शेवटी आबांचं नाव आहे. आबा गेले, बाईही गेल्या. गाणं त्या भागात अजून म्हणतात आणि ते आबांचंच मानतात. ध्रुवपद बाईंचं होतं याचा पुरावा फक्त त्या पाच-सात मिनिटांत होता. आपल्या किती गाण्यांची ध्रुवपदं अशी कुणाकुणाच्या घरातनं आली असतील? छापील पुस्तकात ते कळणार नाही, कारण पुस्तकात नाममुद्रा तेवढी येते. ते मधल्या बोलण्यातच कळतं. आणि बाईंचा आवाज श्रोत्यांतून आला, म्हणून म्हणतो की कॅमेरा श्रोत्यांकडे वळलाच पाहिजे. डेमीशी माझं पटत नाही ते एवढ्यासाठी.

(श्रोत्यांतून : 'त्या बाईंचं नाव काय, सर?')

नाव आज घेत नाही. घरच्यांना विचारीन आणि त्यांची हरकत नसेल तर गावातच, त्याच समाजमंदिरात घेईन.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे माझ्याकडच्या कागदातली तीन पानं आता बाजूला.

आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' मात्र सोडता येत नाही. विलास घोगरे हे कवी-गायक. 1985 च्या 'हमारा शहर'मध्ये पटवर्धनांनी त्यांना गाताना टिपलं होतं. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात, बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं गेली आणि पुढच्या काही दिवसांत विलास घोगऱ्यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. पटवर्धनांनी त्यानंतर चौदा वर्षं चित्रीकरण केलं. 2011 ला चित्रपट पुरा झाला, तीन तासांहून मोठा. त्यात घोगरे गाताना दिसतात, कारण 1985 च्या आधी कुणीतरी कॅमेरा त्यांच्यासमोर धरला होता. माणूस गेल्यावर धरून उपयोग नसतो. या चित्रपटात गाणारे बोलतात आणि ऐकणारेही बोलतात. कबीर कला मंचाच्या शीतल साठे गातात, आणि त्यांच्या आईचं बोलणंही चित्रपटात आहे. ती आई मला त्या गाण्यांइतकीच महत्त्वाची वाटते.

चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' घ्या, 2014 चा. कथा कल्पित, पण गाणी शाहीर संभाजी भगतांची. वीरा साथीदार लोकशाहिराच्या भूमिकेत. कॅमेरा लांब, एका जागी उभा. शाहीर मंचावर गातो आणि आपण त्या गर्दीत बसल्यासारखे ऐकतो. कुणी डोळे पुसतंय असं जवळून दाखवायचा मोह दिग्दर्शकानं टाळला. वीरा साथीदार 2021 मध्ये कोरोनानं गेले.

(अध्यक्षांकडून दुसरी चिठ्ठी.)

पाच मिनिटं. ठीक. मग कामाचं बोलतो, आणि ज्यांना लिहून घ्यायचं आहे त्यांनी लिहून घ्या.

आपल्या शहरात आणि जिल्ह्यात आज सत्तरी ओलांडलेले किती कवी-गायक आहेत, याची यादी करू या. ती कुणा संस्थेनं करावी याची वाट पाहायला नको. वस्तीवस्तीतले लोक जाणतात. त्यांच्या घरी किंवा समाजमंदिरात, चाळीस-पन्नास माणसांत, संध्याकाळी बसायचं. कॅमेरे दोन. एक गाणाऱ्यावर, एक ऐकणाऱ्यांवर, दोन्ही तिकाटण्यावर. आवाज कॅमेऱ्याच्या माइकवर घ्यायचा नाही, वेगळा घ्यायचा. एक माइक गळ्याजवळ, एक पेटीजवळ, एक बसलेल्या माणसांमध्ये. कॅमेरा सुरू केला की शेवटचा माणूस उठेपर्यंत बंद करायचा नाही. संकलन करायचं ते प्रतीवर. मूळ चित्रीकरण दोन ठिकाणी ठेवायचं आणि एक प्रत गाणाऱ्याच्या घरी द्यायची. ते चित्रीकरण कुठे दाखवायचं आणि कुठे नाही, हे ठरवायचा हक्क त्या घराचा. मानधन ठरवून, आधी द्यायचं. शाहिराला हार घालून फुकट गायला लावण्याची आपली सवय वाईट आहे, ती या कामात नको.

आणि ज्यांच्या घरी जुन्या कॅसेटी आहेत, ऑडिओ असोत की व्हिडिओ, त्यांना हात जोडून सांगतो. बुरशी लागलेली कॅसेट 'चालते का बघू' म्हणून यंत्रात घालू नका. फीत तुटते, यंत्राचं हेड खराब होतं, आणि त्याच यंत्रातून बुरशी दुसऱ्या कॅसेटला लागते. कोरड्या जागी, उभी ठेवा. आधी जाणत्या माणसाकडून साफ करून घ्या, मग कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. उतरवणाऱ्याला स्पष्ट सांगा की मधलं बोलणं, खोकला, टाळ्या, बक्षीस देणाऱ्यांची नावं, काही काढू नकोस. अध्यक्ष उठले. बाहेर टेबलावर वही ठेवली आहे, आपल्या भागातल्या गाणाऱ्यांची नावं तिच्यात लिहून जा. गावाचं नाव विसरू नका. आणि गाणं रचायला घरातल्या कुणी हात लावला असेल तर तेही लिहा.