मुक्काम आणि पोस्ट

‘मु. पो.’ ही दोन अक्षरे तुम्ही-आम्ही पाकिटावर किती वेळा लिहिली असतील, त्याला गणती नाही. मुक्काम पोस्ट अमुक, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा. लिहिताना विचार कोण करतो? पण आपल्या जिल्ह्याचा जुना रस्ता या दोन अक्षरांत सापडतो.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्यांचा डोळा होता इथल्या कापसावर. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत फाटा आला, तेव्हा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले होते. पण जिल्ह्याचे ठाणे बुलढाण्याला, घाटावर. रूळ खालीच राहिले. मलकापूर स्टेशनवर उतरून राजूर घाट चढायचा, तो बैलांच्या, घोड्यांच्या आणि माणसांच्या पायांनी. अशा वाटेवर प्रवाशाला थांबा लागे आणि पत्रालाही.

‘डाक’ म्हणजे मुळात टप्प्याटप्प्यावर माणसे किंवा घोडी बदलत पुढे जाणे. इंग्रजीतला ‘पोस्ट’ही मुळात तोच, रस्त्यावर घोडी बदलण्याचे ठाणे. ‘मुक्काम’ अरबीतून आला, त्याचाही अर्थ थांबणेच.

साहेबाच्या थांब्याला डाकबंगला म्हणत. ऐसपैस व्हरांडा, आरामखुर्ची आणि दिमतीला खानसामा. पाहुण्याची गाडी दिसली की खानसामा कोंबडीमागे धावे. घटकाभरात ती ताटात. साहेबलोकांनी या पदार्थाचे नावच ‘सडन डेथ’ ठेवले होते! संध्याकाळी पेले भरत. गाडीवान आणि हमाल मात्र सराईत, धर्मशाळेत, नाहीतर झाडाखाली तीन दगडांची चूल मांडत. एकाच रस्त्यावर मुक्काम असे दोन तऱ्हेचे होते.

टपालाचा हिशेब मात्र निराळा. १८५४ साली ब्रिटिश हिंदुस्थानात दर ठरला, पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा. गाव जवळचे असो की हजार मैलांवरचे, दर तोच. १८७९ मध्ये पोस्टकार्ड आले, किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. साहेबाचे पत्र आणि हमालाचे कार्ड एकाच थैलीत पडे. ती थैली खांद्यावर टाकून, घुंगरू बांधलेला भाला वाजवत हलकारा रानातून पळे. डाकबंगल्यातल्या भुतांच्या गोष्टी लोक अजून रंगवून सांगतात. हलकाऱ्याची आठवण फारसे कुणी काढत नाही.

मला अधूनमधून विचारतात, “तुम्ही मुसलमान, मग मराठीत कविता कशा लिहिता?” मी काय सांगू? तरुणपणापासून संपादकांना कविता पाठवत आलो. सोबत परतीचे पाकीट, त्यावर माझे नाव आणि खाली मु. पो. बहुतेक कविता साभार परत आल्या, पण त्या याच पत्त्यावर आल्या. अरबी मुक्काम आणि इंग्रजी पोस्ट हे दोन पाहुणे मराठीत असे रुळले, की त्यांना मूळ गाव कुणी विचारत नाही. मग मला का विचारावे?

१९७२ साली पत्त्यात पिनकोड आला. ती योजना श्रीराम भिकाजी वेलणकरांची. टपाल खात्यातले अधिकारी, आणि संस्कृतचे कवी! बुलढाण्याला ४४३००१ मिळाला. २०१३ मध्ये तार बंद झाली. २०२५ मध्ये रजिस्टर टपालही स्पीड पोस्टात मिसळले. मु. पो. मात्र लग्नपत्रिकेवर आजही छापतात.

तुमच्या गावात जुना डाकबंगला असेल, तर भुताची गोष्ट जरूर ऐका. पण ती सांगणाऱ्या आजोबांना एवढेही विचारा, की टपाल कोणत्या वाटेने यायचे आणि ते आणायचे कोण. सांगणारे आहेत तोवर ते नाव लिहून ठेवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)