परिचारिका होऊ पाहणाऱ्या आपल्या कन्या



मराठी शाळेतून आलेली गरीब घरची कन्या बी. एस्‌सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी अडखळते, ती बुद्धी उणी म्हणून नव्हे. शरीररचना व जीवरसायन इंग्रजीतून शिकावे लागते म्हणून. ग्रीक भाषेत ‘नेफ्रॉस’ म्हणजे मूत्रपिंड आणि ‘आयटिस’ म्हणजे दाह, एवढे उलगडून सांगितले, की ‘नेफ्रायटिस’ घोकावे लागत नाही. औषधाची मात्रा म्हणजे तर आपले त्रैराशिकच: ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम, तर ५०० साठी १० मिलिलिटर. तेथे चूक झाल्यास रोग्याच्या प्राणाशी गाठ!

उत्तीर्ण कन्येचा सत्कार आम्ही हौसेने करतो. अनुत्तीर्ण होऊन परतलेलीची वार्ताही घेत नाही. म्हणून शालश्रीफळाचा खर्च आवरून मंडळाने पहिल्या सहामाहीपासूनच सायंवर्ग चालवावा. गणित शिकविण्यास आम्ही निवृत्त शिक्षक सिद्ध आहोत.